निळ्या खडूच्या खुणा

१

पराभव पचवायला माणसाला एखादं कारण पुरतं, पक्षाला मात्र माणूस लागतो. वॉर्डातल्या पक्षाला तो माणूस निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, कार्यालयातला चहा गार व्हायच्या आत मिळाला. तो होता शिंपी. वर्षानुवर्षं पक्षाचे झेंडे फुकट शिवून देणारा, सभेआधी खुर्च्या मांडणारा आणि सभेनंतर त्या उचलणारा. पहाटे कोणीतरी दगड मारून त्याच्या दुकानाची काच फोडली होती, आणि दुपारी चारला बैठक बोलावून त्याला पक्षातून हाकलायचं, असं अध्यक्षांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

झालं होतं ते असं. कालव्यापलीकडची गल्ली ही पक्षाची हक्काची गल्ली. मतदानाच्या आधी तिथल्या आपल्या प्रत्येक घराच्या चौकटीवर, उजव्या हाताला अगदी वर, निळ्या खडूने छोटंसं वर्तुळ काढायचं, ही पक्षाची जुनी रीत. लोकांना बोलवायला जाणारी मुलं मुद्दाम दुसऱ्या भागातली घ्यायची, कारण ओळखीच्याला 'तू हो पुढे, आलोच' म्हणून वाटेला लावता येतं, अनोळखी माणूस दारात उभा राहिला की लाजेकाजेस्तव चपला घालाव्या लागतात. त्या मुलांना मतदानाच्या सकाळीच खुणेचा अर्थ सांगायचा. जिथे वर्तुळ दिसेल ते दार वाजवा, घरचे बाहेर पडेपर्यंत हलू नका, आणि ते मत देऊन परतले की वर्तुळ पुसून टाका. कागद नको, यादी नको, विरोधकांच्या हाती लागेल असं काही नको.

या वेळी मुलं सकाळी गल्लीत शिरली तेव्हा एकाही चौकटीवर वर्तुळ नव्हतं. आपल्याआधी कोणीतरी काम उरकलेलं दिसतंय, असं समजून ती पुढच्या भागात निघून गेली. अध्यक्षांच्या डोक्यात प्रकाश पडला तोवर मतदान केंद्राची दारं बंद होत आली होती. त्या गल्लीतून औषधापुरती मतं पडली, आणि पक्षाची उमेदवार एकोणीस मतांनी हरली.

खुणेचा अर्थ आधीपासून ठाऊक असलेली माणसं चारच. अध्यक्ष, स्वतः उमेदवार, शिंपी, आणि ज्यांना सगळे सर्व्हेअरकाका म्हणत ते काका. खडू शिंप्याच्या दुकानातला. वर्तुळं काढायला काकांबरोबर गल्लीत फिरला तोही शिंपीच. शिवाय या खेपेला उमेदवारी त्यालाच हवी होती आणि मिळाली नव्हती. खापर फोडायला इतकं आयतं डोकं अध्यक्षांना पुन्हा मिळालं नसतं.

सर्व्हेअरकाकांनी नोकरीची सगळी वर्षं विमा कंपनीत काढली होती. आग लागलेल्या दुकानांत जायचं, राख उकरायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते म्हणाले, मला चारपर्यंत वेळ द्या. अध्यक्ष म्हणाले, खुशाल शोधा, सापडायचा तोच सापडेल.

कोपऱ्यात उमेदवार बसली होती. ती नर्स. काकांच्या बहिणीची मुलगी, आईमागे काका-काकूंच्याच घरात वाढलेली. सरकारी दवाखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात घरोघर फिरून म्हाताऱ्यांची मलमपट्टी करायची, आणि याच बळावर उभी राहिली होती. तिने काकांना बाहेर गाठलं.

"मामा, हरले त्याचं दुःख नाही. कोणा एकाने केलं असेल तर तेही सोसेन, माणूस विकला जातो, आपण बघतोच. मला फक्त एवढं कळू दे की लोक माझ्या बाजूने होते. ते नसतील, तर मी पुन्हा कोणाच्या दारात उभी राहायची नाही. इंजेक्शन द्यायलासुद्धा."

ती उगीच बोलणाऱ्यांतली नव्हती.

२

काकांनी सुरुवात अध्यक्षांपासूनच केली. अध्यक्षांना ही उमेदवारी आपल्या मेहुण्याला द्यायची होती, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी तुम्ही कुठे होता, असं विचारताच त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण काकांनी पुढचा प्रश्न सहज गप्पा मारल्यासारखा विचारला. गल्लीतल्या चांभाराला बैठकीचा निरोप कोणाहाती धाडाल, तर घर कितवं म्हणून सांगाल हो?

अध्यक्ष म्हणाले, हे काय, पूल उतरलं की पहिलंच.

काकांनी पुढे काही विचारलं नाही. कालव्यावरचा तो पायपूल पडून दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या. आता गल्लीत जायचं तर गिरणीच्या भिंतीला लांबलचक वळसा घालावा लागे. चांभारानेही केव्हाच घर बदललं होतं. ज्या माणसाने गल्लीत इतकी वर्षं पाऊल टाकलं नाही, तो तिथे जाऊन चौकटी कसल्या पुसतोय? अध्यक्षांच्या हातून हे पाप घडलं नव्हतं, आणि त्याचं कारण एवढंच की त्यांच्या हातून काहीच घडत नसे.

मग काका समोरच्या पक्षाच्या ठेकेदाराकडे गेले. मतं फोडणं हा त्याचा जोडधंदा. जिंकल्यामुळे तो मोकळेपणाने बोलायच्या तयारीत होता. त्याने काकांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळी हकीकत ऐकून मनापासून हसला.

तो म्हणाला, "काका, तुमच्या गल्लीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे खर्च करणं म्हणजे पाण्यात घालणं. आणि खुणांचं म्हणाल, तर हे असलं काही असतं ते मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

काका उठायला लागले, तसा त्याने हसू आवरलं. एक गोष्ट मलाही कळत नाहीये, म्हणाला. गल्लीत आमचीही चारदोन घरं आहेत. शेंबडं पोरही सांगेल कोणती ती. त्यांच्या दारावर तुमचं वर्तुळ असायचं कारण नाही. मग तीही का आली नाहीत?

काका रस्त्यावर आले तरी तो प्रश्न त्यांच्या पाठोपाठ येत होता. खुणा पुसून पक्षाची घरं थोपवता येतात. ज्या दारांवर खूणच नव्हती, ती कोणी थोपवली?

३

शिंपी दुकानातल्या काचा गोळा करत होता. शिलाई मशीनवर, अर्धवट शिवलेल्या कोटावर, सगळीकडे बारीक काच उडाली होती. काकांना बघून तो उठला नाही. तुम्हीही आलात का, एवढंच म्हणाला.

काकांनी समोर बसकण मारली. उमेदवारी नाकारल्याचा राग होता का, हे त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं. शिंपी म्हणाला, होता की. दोन दिवस जेवलो नाही. मग तुमची भाची आली, माझ्या आईच्या पायाची पट्टी बदलली, आणि जाताना म्हणाली, काका, तुमच्याशिवाय मला जमायचं नाही. त्यानंतर कसला राग धरणार? त्याची गिऱ्हाइकं बहुतेक पक्षाची. चार वाजता त्याला पक्षाबाहेर काढलं की संध्याकाळपासून दुकानात माश्या मारायची वेळ येणार होती, हेही तो स्वतःहून बोलला. स्वतःच्या बाजूने मात्र त्याने एक शब्द काढला नाही.

उठता उठता काकांनी टेबलावरचा खडूचा चपटा तुकडा उचलला आणि बोटावर घासला. निळा रंग बोटावर बसला तो जाईना.

"हा कसला खडू?"

"मेणाचा आहे. साध्या खडूची वर्तुळं दवाने जातात, म्हणून या वेळी हा वापरला. कापडावरून इस्त्रीने जातो. लाकडावरून घासघास घासावा लागतो. एका वर्तुळाला हात भरून येतो बघा."

काका तुकडा हातात धरून तसेच उभे राहिले. दोघांनी वर्तुळं काढली ती मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपारी. सकाळी ती नव्हती. रात्री एवढं घासलं असतं तर आवाजाने गल्ली जागी झाली असती. म्हणजे संध्याकाळीच, गल्लीत दिवे लागलेले असताना, सगळी उंबऱ्यावर गप्पा मारत बसलेली असताना, कोणीतरी एकेका दाराशी उभं राहून घासत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि कोणी पाहिलं नाही?

पाहिलं नाही, की सांगत नाही?

४

गल्लीच्या तोंडाशी काकांचं स्वतःचं घर होतं. ते तिथे थांबले नाहीत. नोकरीतली सवय अशी की आगीच्या जागी पोचेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि चौकटी बघायला लागले.

रंगाऱ्याच्या चौकटीवर वर्तुळाच्या जागी तळहाताएवढा ताजा रंग मारला होता. शेजारच्या तपकिरीत तो मिसळलाही नव्हता. पुढचं घर धोबिणीचं. तिथलं लाकूड ब्रशने घासून घासून पांढरं पडलं होतं आणि फटीत साबण सुकला होता. चांभाराच्या नव्या दारावर काळं पॉलिश चोपडलेलं. पाववाल्याच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पिठाळ फरशीवर स्टुलाचे चार पाय उमटले होते. त्याची आई बुटकी होती.

काका तिथेच पायरीवर बसले. जळालेल्या दुकानात ते हाताखालच्या पोरांना नेहमी सांगायचे, की आग एका जागी लागली असेल तर ती सगळीकडे एकाच वाटेने पसरलेली दिसते. प्रत्येक कोपरा वेगळ्या तऱ्हेने जळला असेल, तर ती प्रत्येक कोपऱ्यात वेगळी लावलेली असते. एक माणूस गल्लीभर खुणा पुसत गेला असता तर एका फडक्याने, एका हाताने पुसत गेला असता. इथे प्रत्येक घराने आपलं वर्तुळ आपल्या हाताने, घरात जे सापडलं त्याने पुसलं होतं. स्टूल आतून लावलं होतं ते उगीच नाही. म्हणून कोणी काही पाहिलं नव्हतं. पाहणारा आणि करणारा वेगळे नव्हतेच.

त्यांना एवढा हुशार निष्कर्ष काढल्याचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

शेवटचं घर निवृत्त पोस्टमनचं. तो चाकाच्या खुर्चीतून उठू शकत नसे. त्याच्या चौकटीवर खालून वर ओढलेले निळे फराटे होते, आणि दाराआड काठी उभी होती, टोकाला फडकं बांधलेली. काकांनी काठीकडे पाहिलं. पोस्टमनने काकांकडे पाहिलं. मूग गिळून बसण्यात आता अर्थ नव्हता.

"तिच्या विरुद्ध नव्हतं हो. पोरीवर कोणाचा राग नाही. बोलवायला कोणी यायला नको होतं, एवढंच."

मग पोस्टमनने आपण होऊन सांगितलं. पूल पडल्याच्या पुढच्याच वर्षी त्याची बायको आजारी पडली. गाडी कालव्याच्या पलीकडे उभी, आणि तिला खांद्यावर घेऊन गिरणीला वळसा घालून न्यावं लागलं. पोचेपर्यंत उशीर झाला. पूल बांधतो म्हणून सगळेच सांगून गेले होते, एकजात सगळे.

"त्या वर्षीही मी मत दिलं होतं, काका. अंत्यविधी उरकून चौथ्या दिवशी. तुमचीच मुलं दारात उभी होती, नाही कसं म्हणणार? या वेळी वाटलं, आपण कोणालाच द्यायचं नाही. आणि कोणाला नाही म्हणायचीही पाळी नको."

काकांनी शेवटचा प्रश्न विचारला. वर्तुळ पुसलं की मुलं दार वाजवत नाहीत, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते तर आम्हा चौघांनाच ठाऊक होतं.

पोस्टमनने मान वळवून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं आणि चटकन खाली घातली. नळावर बायकांचं बोलणं झालं म्हणे, तो पुटपुटला.

५

काकांनी परतताना पावलं मोजून मापून टाकली, जणू घर जितकं उशिरा येईल तितकं बरं. पण घर आलंच.

दारावरची पितळेची पाटी लखलखत होती. मतदानाच्या सकाळी केंद्रावर जायला निघताना त्यांनी ती पाहिली होती आणि सुखावले होते. आजच्या दिवसाचं महत्त्व बायकोने जाणलं म्हणायचं, असं त्यांना वाटलं होतं. आता त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. आपल्याही दारावर वर्तुळ काढायचा हट्ट त्यांनी स्वतः धरला होता, नियम म्हणजे नियम. तिथलं लाकूड स्वच्छ होतं. कोरडं, नीट, कडेकडेने पुसलेलं. काकूंच्या हाती एकदा ओलं फडकं आलं की त्या वाटेतलं दुसरंही काहीतरी पुसल्याशिवाय ते ठेवत नसत. लग्न झाल्यापासून काका ते बघत होते.

पक्षाचे प्रतिनिधी म्हणून ते दिवसभर बसले होते ते केंद्र दुसऱ्या भागातलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला तू मत दिलंस का असं विचारलंच नव्हतं. हे काय विचारायचं असतं?

काकू स्वयंपाकघरात होत्या. काका दारात उभे राहिले आणि त्यांना बोलावंच लागलं नाही.

"शोधलंत ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तुम्ही दुसऱ्यांच्या राखेत इतकी वर्षं घालवलीत."

त्यांनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. नळावर धोबीण म्हणत होती की उद्या परत ती मुलं येणार, हटणार नाहीत. काकूंच्या तोंडून निघून गेलं की वर्तुळ पुसा, कोणी येणार नाही. घरात काका खुणांबद्दल कौतुकाने बोलत, त्यामुळे त्यांना सगळं पाठ होतं.

"मला वाटलं दोन-तीन घरं पुसतील. कंटाळलेली असतात एखाददोन. सकाळी खिडकी उघडली, तर अख्खी गल्ली कोरी." त्यांनी हातातलं फडकं ओट्यावर फिरवलं. "मग मला भीती वाटली हो. पण तेव्हा कोणाला काय सांगणार?"

"आणि तू? तुझी तर ती मुलगी आहे."

"म्हणूनच. ती निवडून आली असती, तर पाच वर्षांनी तीही कोणाला तरी दारात उभं करणार होती. तुमच्यासारखं. तुम्हीही वाईट नव्हता सुरुवातीला. मला ती आहे तशी हवी होती." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, फडकं लावलं. "मी एकटीने मत दिलं नाही तर काय बिघडतं, असं वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार."

पूल बांधायचं तिने खरंच मनावर घेतलं होतं, काकांना आठवलं. नकाशा काढून आणला होता, स्वतःच्या सुट्टीत. एवढ्या वर्षांत खोटं न बोलता त्या दारांत उभी राहिलेली ती एकटीच होती, आणि दारांनी ऐकणं सोडून दिलं होतं. यात गुन्हेगार कोण, हे कोणत्या अहवालात लिहायचं?

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते.

६

बैठकीला खोली गच्च भरली होती. शिंपी भिंतीला टेकून उभा होता, त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती. खुर्च्या त्यानेच मांडल्या होत्या. नर्स पुढच्या रांगेत होती, मांडीवर औषधांची पिशवी, नजर काकांवर.

अध्यक्षांनी विचारलं, सापडला का?

काकांनी त्या वेळी खरं सांगायचं ठरवलं होतं असं कोणी म्हणेल, तर ते खोटं नाही. त्यांच्या ओठावर आलं होतं. मग त्यांनी भाचीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर शिंपी सुटत होता, पण ही पोरगी पुन्हा कोणाच्या उंबऱ्याशी उभी राहणार नव्हती. पोस्टमनच्या नाही, शिंप्याच्या आईच्याही नाही.

"खुणा मी पुसल्या," काका म्हणाले. "शिंप्याचा काही संबंध नाही. ठेकेदाराने मला गाठलं होतं."

खोलीत एकच गलका झाला. कोणी केसाने गळा कापला म्हणालं, कोणी त्याहून वाईट. मेणाचा खडू, लांबच लांब गल्ली, काकांचे ते गुडघे, आणि उंबऱ्यावर बसलेली माणसं. कसं पुसलंत, हे एकानेही विचारलं नाही. एकटा शिंपी आपल्या बोटावरच्या निळ्या डागाकडे बघत राहिला, मग काकांकडे बघितलं. त्याला हिशेब जुळत नसल्याचं कळलं होतं. तो बोलायला गेला, आणि काकांनी मान किंचित हलवली, तसा गप्प बसला.

भाची जवळ आली. ती रडत नव्हती.

"म्हणजे लोक माझ्या बाजूने होते?"

"होते," काका म्हणाले.

तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि निघून गेली. मामा म्हणून मारलेली हाक त्यानंतर काकांना पुन्हा ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीत आली. काका-काकू खिडकीच्या आड उभे होते. पहिलं घर तिने ओलांडलं, पाटीकडे न बघता. नंतर मात्र ती एकही दार चुकली नाही. रंगाऱ्याच्या मुलाचा ताप बघितला, पाववाल्याच्या आईचा रक्तदाब मोजला, पोस्टमनला इंजेक्शन दिलं. पुढच्या वेळी परत उभी राहणार आहे, असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगत होती, आणि तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळलेला होता.

गल्लीतला प्रत्येक जण तिचा हात हातात घेऊन तिला तेच सांगत होता, खिडकीपर्यंत ऐकू येईल इतक्या मायेने. "अगं, आम्ही तर निघालोच होतो. आमचं मत तुलाच होतं."